मी सूर्य सरकवला

हे खरं घडलेलं आहे.

मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं आहे. जे मोजता येत नाही त्याबद्दल मी सहसा बोलत नाही. खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं मी स्वतः मोजलंय. टेपने, घड्याळाने, गणिताने.

तरीही मला ते समजलेलं नाही.

तारीख १० ऑगस्ट २०२५. रविवार. सकाळचे सात वाजून बारा मिनिटं.

जागा, पाटणच्या पुढे कोयनेच्या खोऱ्यातलं आमचं गाव. गावाचं नाव देत नाही. का, ते शेवटी सांगते.

या पेजवर सगळे रात्रीचे अनुभव लिहितात. माझा सकाळचा आहे. मला अंधाराची भीती वाटत नाही. उजेडाची वाटते.

एक गोष्ट मात्र आधीच लक्षात ठेवा. त्या रविवारी आमच्या खोऱ्यात पाऊस लागून अकरा दिवस झाले होते.

अकरा दिवस कुणी सूर्य बघितला नव्हता.

*

मला घरी नंदा म्हणतात. तेवढं पुरे.

सांगलीत विश्रामबागला एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आमचा छोटा गेम स्टुडिओ आहे. सहा माणसं. आम्ही सैन्यावरचा एक व्हिडिओ गेम बनवतोय. डोंगरावरची चौकी, बर्फ, समोरच्या डोंगरधारेवर शत्रू.

त्यात माझं काम एकच. उजेड.

सूर्य समोर आला की पडदा कसा पांढराफटक होतो. अंधाऱ्या खंदकातून बाहेर पडल्यावर पहिले दोन सेकंद कसं काहीच दिसत नाही. लांबवर दुर्बिणीची काच चमकली की ती डोळ्यात कशी टोचते. खेळणाऱ्याचा हात आपोआप कपाळावर गेला पाहिजे, इतकं ते खरं वाटायला हवं.

स्टुडिओ आर्जवचा. तो जैन आहे, घरचे नियम पाळतो, सूर्य मावळायच्या आत जेवतो. त्यामुळे आज सूर्य किती वाजून किती मिनिटांनी मावळणार हे त्याला तोंडपाठ असतं.

"बाकीचे लोक सूर्य कुठंही टांगतात," तो म्हणायचा. "आपल्यात तारीख, वेळ, जागा टाकली की सूर्य जिथं असायला पाहिजे तिथंच उगवला पाहिजे. फसवाफसवी नाही."

"ह्याला जेवायची घाई," श्रद्धा म्हणायची. ती आवाजाचं काम करते. "गेममधला सूर्य चुकला तर हा उपाशी राहील, बिचारा."

आर्जवला गेमसाठी एक खरी सकाळ हवी होती. खरी चौकी, खरी तारीख.

तशी सकाळ माझ्याकडे होती. तात्यांची.

*

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. वडील गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. पुढे तात्यांनीच वाढवलं. एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी भर पावसात मोटारसायकलवर पाटणहून कोल्हापूरला घेऊन गेले होते. रेनकोट मला, आणि स्वतः भिजत.

ते सैन्यात होते. गावात ते पारावरून गेले तर माणसं उठून उभी राहायची.

बावीस वर्षांपूर्वी, १८ नोव्हेंबरला, सीमेवरच्या एका चौकीवर तात्या आणि हरिबा एकत्र होते. हरिबा आमच्याच आळीतला. दोघं एकाच दिवशी भरती झालेले.

ही गोष्ट मी लहानपणापासून शंभर वेळा ऐकलीय. दर वेळी तीच वाक्यं.

"मी उजव्या टोकाला, रेडिओपाशी. हरिबा डाव्या टोकाला, पाण्याच्या कॅनपाशी. त्यानं दाढी करायला आरसा काढला. ऊन पडलं त्याच्यावर. चमकला. समोरच्यानं बघितलं, आन् गोळा आला. सात बारा झालं व्हतं. माजं घड्याळ तितंच थांबलं."

हरिबा गेला. त्याच्या शेजारचे दोघं गेले. तात्या वाचले.

सैन्याने हरिबाचा मान ठेवला. गावाने नाही ठेवला. 'हरिबाच्या आरशानं तिघं गेले', हे वाक्य आमच्या गावात पोरांनाही माहीत आहे.

तात्यांच्या घरात आरसा नाही. मला कळायला लागल्यापासून नव्हता. तात्या घरी दाढी करत नाहीत. दर दोन दिवसांनी पाटणला जातात, आणि तिथला न्हावी त्यांना बघितलं की आपणहून आरशावर टॉवेल टाकतो. काकू कुंकू लावते ती स्टीलच्या डब्याच्या झाकणात बघून.

आम्हाला वाटायचं, मित्राचं दुःख.

गेल्या वर्षी गावाने वेशीपाशी एक दगडी स्तंभ उभारायचं ठरवलं. गावातून सैन्यात गेले आणि परत आले नाहीत, त्यांची नावं कोरायची. यादी झाली. पाच नावं.

सहावं हरिबाचं असायला हवं होतं.

त्याची आई लीलाबाई तीनदा ग्रामसभेत गेली. सत्तरीची बाई, काठी टेकत. तिन्ही वेळा लोकांनी तात्यांकडे बघितलं. तात्या प्रत्यक्ष तिथे होते ना.

तात्या तिन्ही वेळा एवढंच म्हणाले, "गावानं ठरवावं."

गावाने ठरवलं. पाचच नावं.

१५ ऑगस्टला तात्यांच्या हस्ते स्तंभाचं उद्घाटन होतं. त्यानंतर शाळेच्या हॉलमध्ये आमच्या गेममधली ती सकाळ मोठ्या पडद्यावर दाखवायची होती. कल्पना तात्यांचीच.

"पोरास्नी कळू दे, तितं कसं व्हतं," ते म्हणाले होते.

*

तात्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पानामागे चौकीचा नकाशा काढून दिला. एक फोटोही दिला. तात्या आणि हरिबा भिंतीपाशी, आणि डाव्या टोकामागे हत्तीएवढा खडक.

डोंगरांच्या उंचीची माहिती उपग्रहावरून मिळते. खडक फोटोवरून मोजला. तारीख, वेळ, जागा टाकली.

बुधवार, ६ ऑगस्ट. मी ती सकाळ पहिल्यांदा चालू केली.

सात बारा. सूर्य क्षितिजाच्या चार अंश वर.

डावं टोक सावलीत होतं.

खडकाची सावली बरोबर त्याच्यावर पडली होती. मी वेळ पुढे ढकलत गेले. तिथे पहिलं ऊन पोचलं सात त्रेपन्नला. एक्केचाळीस मिनिटांनी.

मी चार वेळा तपासलं.

सावलीतला आरसा चमकत नाही. परत पाठवायला त्याच्याकडे ऊनच नसतं.

सात बाराला सबंध चौकीत ऊन फक्त एका जागी होतं. उजव्या टोकाला. रेडिओपाशी.

मी स्वतःला समजावलं की तात्यांचं डावं-उजवं उलटं झालं असेल. बावीस वर्षं थोडी नाहीत.

मग मी कॅमेरा समोरच्या धारेवर नेला. शत्रूला चौकी जिथून दिसली असेल तिथे. आणि सात बारा पुन्हा चालू केलं.

बर्फ. वारा. काहीच नाही…

काहीच नाही…

लख्ख!

उजव्या टोकाला काहीतरी चमकलं. माझा हात कपाळावर गेला.

उजव्या टोकाला मी आरसा ठेवलाच नव्हता. तात्यांच्या सांगण्याप्रमाणे तो डावीकडे होता, सावलीत. उजवीकडे दगडाची भिंत होती, बर्फ होतं. चमकेल अशी एकही वस्तू नव्हती.

मी कॅमेरा दहा मीटर बाजूला नेला.

लख्ख. पुन्हा थेट डोळ्यात.

शंभर मीटर वर नेला. तेच. चौकीच्या मागे नेला. तेच.

हे होऊ शकत नाही. स्थिर आरशाची तिरीप एका दिशेला जाते. तुम्ही बाजूला झालात की ती चुकते. बघणारा जिथे जाईल तिथे तिरीप त्याच्या डोळ्यात यायची असेल, तर त्याला एकच मार्ग आहे.

कुणीतरी आरसा हातात धरून तुमच्याकडे वळवत असलं पाहिजे.

"नंदा," मागून श्रद्धा म्हणाली. तिने हेडफोन काढले होते. "हा फालतूपणा कुणी केलाय?"

"काय?"

"दाढीचा आवाज. सात बाराला. मी तर नुसता वारा टाकलाय."

मी हेडफोन लावले.

वारा… आणि वाऱ्याच्या मागे…

खर्र… खर्र…

टक. टक.

कोरड्या गालावरून रेझर ओढावा, आणि तो पाण्याच्या मगाच्या काठावर झटकावा, तसा.

श्रद्धाने तिची सगळी फाईल उघडून दाखवली. आवाजाची एकच पट्टी होती. वाऱ्याची.

"आर्जवला सांगू नको," ती म्हणाली. "तो म्हणेल पूजा घाला, आणि खर्च माझ्या पगारातून कापेल."

ती हसली. पण दुसऱ्या दिवशी तिने ती सकाळ ऐकायला नकार दिला.

*

शनिवारी राखीपौर्णिमा होती. मी गावी गेले. तात्यांना डावं-उजवं विचारायचं, एवढंच मनात होतं. घरी भावंडं जमली होती, बोलणं झालं नाही.

रविवारी सकाळी मला जाग आली ती आवाजाने.

खर्र… खर्र…

वाटलं, तात्या दाढी करतायत.

मग आठवलं. तात्या घरी दाढी करत नाहीत.

मी त्यांच्या खोलीच्या दारात गेले. बाहेर पाऊस कोसळत होता. आभाळ काळंशार. खोलीत दिवा नव्हता.

तात्या खाटेवर बसले होते. ताठ. डोळ्यांवर टॉवेल दाबून.

त्यांच्या मागच्या भिंतीवर… ऊन होतं.

कवडसा. गोल. स्टीलच्या ताटाएवढा. पिवळा, स्वच्छ, थंडीतल्या सकाळचा असतो तसा.

मी घड्याळ बघितलं. सात बारा.

"आला का?" तात्यांनी टॉवेलमागून विचारलं.

मी एक पाऊल आत टाकलं.

"काय आला, तात्या?"

"मला इचारती व्हय? तुला दिसतुय नव्हं?"

कवडसा हलला. भिंतीवरून खाली सरकला. तात्यांच्या खांद्यावर आला, छातीवर थांबला. मग हळूहळू वर जायला लागला. गळा. हनुवटी. टॉवेलपाशी येऊन थरथरत राहिला.

जणू टॉवेल कधी निघतो याची वाट बघत होता.

मी भिंतीला हात लावला. जिथे तो आधी होता ती जागा कोमट होती. बाकीची भिंत ओलीगार.

चार मिनिटांनी तो विझला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"बुधवारपासनं," तात्या म्हणाले.

बुधवारी मी ती सकाळ पहिल्यांदा चालू केली होती.

*

घाबरल्यावर मी गणित करते. ती माझी सवय आहे.

आरसा अगदी जवळ असेल तर त्याचा कवडसा आरशाच्याच आकाराचा पडतो. चौकोनी आरसा, चौकोनी कवडसा. आरसा लांब गेला की कवडसा पसरतो आणि गोल होतो, सूर्यासारखा. जितका मोठा, तितका आरसा लांब. कवडशाच्या मापावरून आरशाचं अंतर काढता येतं.

भिंतीवरचा कवडसा साधारण पस्तीस सेंटीमीटरचा होता. दाढीच्या लहान आरशाचं माप वजा केलं. उत्तर आलं तीस मीटर.

खिडकीपासून तीस मीटरवर एकच घर आहे.

लीलाबाईचं.

मी छत्री न घेता गेले.

दार बंद होतं. आतून चुलीचा धूर येत होता. कडी वाजवली.

"कोण हाय?"

"मी नंदा, आज्जी."

"तात्यानं पाठीवलं व्हय? सांग त्याला, दगुड तुजा तुला लखलाभ."

"नाही. मी माझी आलेय. आज्जी… तुमच्याकडं आरसा आहे का?"

आतून काठी टेकत येण्याचा आवाज आला. मग दार उघडलं.

तिने माझ्याकडे बघितलं, आणि कोपऱ्यातली काळी ट्रंक ओढली. तिच्यावर पांढऱ्या रंगात हरिबाचं नाव आणि नंबर होता. सैन्याने परत पाठवलेली ट्रंक. आतून तिने तळहाताएवढी कापडी पिशवी काढली. चारी बाजूंनी शिवलेली.

"आरसा हाय ह्यात. औंधच्या यमाईचा अंगारा घातला आन् शिवून दिला. हरिबाला म्हणलं, उसवू नगो, उशाला ठेव. दाढी तुज्या तात्याच्या आरशात कर." तिने पिशवी माझ्या हातात दिली. "त्यानं पत्रात लिव्हलं व्हतं, दोगांत एकच आरसा वापरतो म्हणून. टाका बघ. माज्या हातचा हाय. उसवलाय का?"

टाका सलग होता. दोरा एकच, शेवटपर्यंत.

"तुम्ही हे कुणाला सांगितलं नाही?"

"सांगितलं की. म्हणले, म्हातारी येडी झालीया. तितं तुजा तात्या व्हता, मी न्हवते." तिने पिशवी परत घेतली. "तू शिकलीयास नव्हं लय? मग तू सांग की."

मी उंबऱ्याबाहेर आले.

तिने दार लावून घेतलं.

*

तात्या तसेच खाटेवर बसले होते.

"आरसा तुमचा होता," मी म्हणाले. "आणि उजवीकडं तुम्ही होता. डावीकडं ऊनच नव्हतं, तात्या. मी मोजलंय."

त्यांनी नाही म्हटलं नाही. मला वाटलं होतं, ओरडतील.

"गोळा धा पावलं चुकला," ते म्हणाले. "माज्यावर यायचा तो तेंच्यावर गेला. मी खाली वाकलो व्हतो, रेझर धुवाया. उठून बघतो तर… साहेबानं इचारलं, कुणाचा आरसा? हरिबा मेलाच व्हता, नंदे. त्याला काय फरक पडनार व्हता?"

"त्याच्या आईला पडला."

मग त्यांनी माझं मनगट धरलं.

"शुक्रवारी समदं गाव हॉलमदी येनार. पडद्यावर तू दावनार, ऊन कुटं व्हतं. मी पाया पडतो तुज्या. तेवढा सूर्य डावीकडं घे."

"सूर्य असा घेता येत नाही, तात्या."

"तुज्या हातात हाय नव्हं?"

होता. एक बटण सरकवायचं, एवढंच काम. सबंध सूर्य माझ्या बोटाखाली होता.

"पंधरा तारीख हू दे," ते म्हणाले. "मग मीच सांगीन. लीलाबाईच्या दारात जाऊन सांगीन."

मला तो पावसातला रेनकोट आठवला.

मी लॅपटॉप उघडला. सूर्य अठरा अंश सरकवला.

खडकाची सावली बाजूला झाली. डाव्या टोकाला, पाण्याच्या कॅनपाशी, पिवळंधमक ऊन पडलं. तिथला आरसा चमकला. उजवं टोक काळोखात गेलं.

सगळं तात्यांच्या गोष्टीप्रमाणे.

सोमवारी आर्जवने स्क्रीन बघून कपाळाला आठ्या घातल्या. "सूर्य चुकीचा वाटतोय गं."

"खडकाची जागा आधी चुकली होती," मी म्हणाले.

त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. मी कधी मोजण्यात चुकत नाही, हे त्याला माहीत आहे.

मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी तात्यांच्या भिंतीवर काही आलं नाही. काकूने फोनवर सांगितलं, तात्या पोटभर जेवले.

*

१५ ऑगस्ट. पाऊस होताच.

स्तंभावरचा कपडा तात्यांनी ओढला. पाच नावं. टाळ्या.

मग सगळे हॉलमध्ये आले. खिडक्यांना घोंगडी लावली होती. तात्या पहिल्या रांगेत मधोमध, छातीवर पदकं. लीलाबाई शेवटी, दारापाशी, जमिनीवर. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती आली होती.

मी गेम चालू केला.

बर्फ. वारा. पोरं गप्प झाली.

सात दहा… सात अकरा…

सूर्य डावीकडे होता. मी स्वतः ठेवलेला. डाव्या टोकाचं ऊन सगळ्यांना दिसत होतं. लोक कुजबुजले, "तितं हरिबा."

सात बारा.

चमक उजवीकडून आली.

सबंध पडदा पांढरा झाला.

मी असा पांढरेपणा जास्तीत जास्त दोन सेकंद ठेवते. त्यापुढे तो आपोआप ओसरतो. ते मीच लिहिलंय.

तो ओसरला नाही.

तीन… पाच… आठ…

भिंती पांढऱ्या. माणसांची तोंडं पांढरी. आणि स्पीकरमधून, वारा थांबल्यावर…

खर्र… खर्र…

टक. टक.

अकरा सेकंद. मग पडदा काळा झाला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांना वाटलं, गेममध्ये असंच असतं. कुणीतरी शिट्टीसुद्धा मारली. कुणीतरी खिडक्यांची घोंगडी काढली, ट्यूबलाइट लावल्या. पोरं "परत लावा, परत लावा" ओरडायला लागली.

तात्या पहिल्या रांगेत ताठ बसले होते. डोळे उघडे. पडद्याकडे.

"आता लाइट लावा की रं कुणीतरी," ते म्हणाले.

*

सांगलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. दोन्ही डोळ्यांचे पडदे मधोमध भाजले होते.

"सूर्याकडे किती वेळ बघत होते हे?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं, पाऊस होता. सोळा दिवस सूर्यच नव्हता.

"मग वेल्डिंग?"

मी शाळेचा प्रोजेक्टर तपासला. तो अकरा सेकंदच काय, अकरा तास डोळ्यासमोर ठेवला असता तरी त्या अंतरावरून असं भाजत नाही. बाकी कुणाच्याही डोळ्यांना काही झालेलं नाही. मी त्यांच्यापासून चार फुटांवर उभी होते.

तात्यांना आता उजेड-अंधार कळतो, समोर बसलेल्या माणसाचं तोंड दिसत नाही.

लीलाबाईच्या दारात ते गेले नाहीत.

मी सप्टेंबरमध्ये विचारलं. म्हणाले, "आता काय ऱ्हायलंय सांगाया? त्यानं माजं घ्यायचं ते घेतलं. आता येत न्हाई तो माज्याकडं."

खरं आहे. त्यांच्याकडे येत नाही.

विश्रामबागला माझी राहायची खोलीही तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकी एकच, पश्चिमेला. सकाळचं ऊन त्या खोलीत येऊच शकत नाही.

२१ ऑगस्टला सकाळी सात बाराला माझ्या भिंतीवर कवडसा आला.

गोल. एक मीटरभर. मी टेप लावली. आरसा साधारण शंभर मीटरवर.

खिडकीबाहेर शंभर मीटरवर मोकळी हवा आहे.

तेव्हापासून रोज मोजते. वहीत लिहून ठेवलंय. सप्टेंबरच्या शेवटी पंचावन्न सेंटीमीटर, म्हणजे पन्नास मीटर. दसऱ्यानंतर तीस सेंटीमीटर. दिवाळीत मी श्रद्धाकडे राहायला गेले. तिथेही आला. अठरा सेंटीमीटर. श्रद्धाने तो बघितला, बॅग भरली आणि तिच्याच घरातून ती आईकडे निघून गेली.

स्टुडिओत मी सूर्य परत जागेवर ठेवला. आर्जवला खरं कारण सांगितलं नाही. फरक पडला नाही.

आता हे का लिहितेय ते सांगते.

मला वाटलं, कुणीतरी सांगायला हवं. लीलाबाई मला म्हणालीच होती. ग्रामसभेत उभं राहायची माझी हिंमत झाली नाही, म्हणून इथे लिहायचं ठरवलं. परवा पहिल्यांदा लिहिलं तेव्हा सगळी नावं बदलली होती. दुसऱ्या दिवशी कवडसा आला तो बारा सेंटीमीटरचा.

मग मी एक नाव खरं केलं.

हरिबा हे त्याचं खरं नाव आहे. आरसा त्याचा नव्हता. तो सावलीत होता. त्याने काहीही चूक केली नव्हती.

हे लिहून मी काल झोपले. वाटलं, आता थांबेल.

तुमच्या लक्षात आलं असेल, तात्यांचं नाव मी कुठेच लिहिलेलं नाही. गावाचंही नाही. तीनदा लिहायला घेतलं. तीनदा खोडलं. ते आता एकटे घराबाहेर पडू शकत नाहीत. काकू हाताला धरून त्यांना पारापर्यंत नेते. माणसं अजून उठून उभी राहतात. ते त्यांना दिसत नाही, पण ऐकू येतं.

आज सकाळी सात बाराला कवडसा भिंतीवर नव्हता. मला वाटलं, संपलं.

मग गालाला ऊब लागली.

मी मोबाईलच्या काळ्या काचेत स्वतःला बघितलं. माझ्या उजव्या गालावर ऊन होतं, डोळ्याच्या बोटभर खाली.

ते गोल नव्हतं.

चौकोनी होतं. पत्त्याच्या पानाएवढं. कडा अगदी रेखीव.

आरसा किती लांब असला की असं होतं, ते मी वर लिहिलंय.

आज १७ नोव्हेंबर आहे. उद्या अठरा.